सॉकरची जर्सी पुण्याहून न्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला जायचं आहे, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची, दोघांना सॉकर लीगमध्ये घालायचं आहे, तर जर्सी-शॉर्ट्स-बूट इथूनच स्वस्तात घेऊन ठेवावेत का?

नका घेऊ. जर्सी लीग देते किंवा लीगने सांगितलेल्या दुकानातूनच घ्यावी लागते. दुसरी चालत नाही. फक्त दोघांची छाती, कंबर आणि उंची इंचांत मोजून लिहून ठेवा. अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी शाळांना गणवेश नसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. गणवेशाची खरी कटकट निघते ती खेळाच्या लीगमध्ये.

आधी लीगचा प्रकार समजून घ्या, कारण खर्च त्यावर ठरतो. गावची रिक्रिएशन लीग, म्हणजे सगळे ‘रेक’ म्हणतात ती, पालकांच्या स्वयंसेवेवर चालते. तिच्या फीमध्ये बहुधा जर्सी धरलेली असते, कधी शॉर्ट्स आणि मोजेही. दुसरा प्रकार क्लब किंवा ‘ट्रॅव्हल’ टीमचा. तिथे निवड चाचणी असते, आणि फीबरोबर किटचं बिल वेगळं येतं: दोन रंगांच्या दोन जर्सी, सरावाची तिसरी, शॉर्ट्स, मोज्यांचे जोड, वॉर्मअप जॅकेट, नंबर छापलेली बॅग. हे सहज दोनशे डॉलरच्या पुढे जातं. त्यात अनेक क्लब दर दोन वर्षांनी डिझाइन बदलतात, म्हणजे थोरल्याची जर्सी धाकटीला येईपर्यंत ती बाद झालेली असते. पहिल्या वर्षी दोघांनाही रेकमध्येच घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा वर्षांच्या मुलीला वॉर्मअप जॅकेटची काय गरज?

फॉल म्हणजे शरद ऋतूतला सीझन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, म्हणजे लेबर डेच्या, आसपास सुरू होतो आणि नावनोंदणी बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यातच उरकते. ऑगस्टमध्ये पोचल्यावर नोंदणी केलीत तर उरलेले साइझ पदरात पडतात. पत्ता नक्की झाला असेल तर भारतातूनच ऑनलाइन अर्ज भरा. वयाच्या पुराव्याला पासपोर्ट बहुधा चालतो. अर्जातच जर्सीचा साइझ विचारतात. तो घाईत भरलेला रकाना पुढे तीन महिने छळतो.

साइझ असतात वायएस, वायएम, वायएल, वायएक्सएल. यातला ‘वाय’ म्हणजे यूथ. वायएलच्या पुढे मोठ्यांचा स्मॉल निवडू नका. तो खांद्यात बराच रुंद असतो, मध्ये वायएक्सएल आहे. वयावरून अंदाज करू नका, कंपनीच्या तक्त्यात छातीचं माप बघा. दोन साइझच्या मधलं माप असेल तर जर्सी मोठी घ्या, कारण थंडीत आत लांब बाह्यांचा थर्मल घालावा लागतो. शॉर्ट्स मात्र कंबरेच्या मापाच्याच घ्या. आपल्या काटक पोरांच्या शॉर्ट्स पळताना घसरतात, म्हणून आत नाडी आहे ना तेवढं बघा. नंबर छापलेला कपडा सहसा परत घेत नाहीत. टीम मॅनेजरने नमुन्याचे साइझ घालून बघायला बोलावलं असेल तर ती संध्याकाळ चुकवू नका.

क्लबमध्ये गेलातच तर दोन्ही मुलांसाठी एकच नंबर मागा. डिझाइन बदललं नाही तर जर्सी धाकटीला चालते. पाठीवर आडनाव छापायचा पर्याय असेल तर सोडून द्या. इंग्रजीत सहस्रबुद्धे तेरा अक्षरांचं होतं. वायएसच्या पाठीवर ते एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत जातं. शिवाय लहान मुलाचं नाव अनोळखी माणसांना वाचता न आलेलंच बरं.

आता बूट. भारतातले नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचे असतात; अमेरिकी नंबर त्याहून अर्धा ते एक जास्त येतो. त्यात लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जाऊन पुन्हा १ पासून सुरू होतात, तिथे बरेच जण फसतात. दुकानात जाड मोजा आणि शिनगार्ड (नडगीवर बांधायची ढाल) घालूनच बूट चढवून बघा. सॉकरचे क्लीट्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, वेगळे आणि बेसबॉलचे वेगळे. बेसबॉलच्या बुटाला चवड्याच्या टोकाशी एक जास्तीचा खिळा असतो, तो सॉकरमध्ये चालत नाही. सहा महिन्यांत पाय वाढतो, म्हणून जुने घ्यायला लाजू नका. ‘प्ले इट अगेन स्पोर्ट्स’सारख्या दुकानांत वापरलेलं सामान विकत मिळतं आणि आपलं विकताही येतं.

शिनगार्डशिवाय रेफरी मैदानात उतरू देत नाही, आणि मोजा गार्डवर पूर्ण आला पाहिजे. धाकटीसाठी घोट्याला पट्टा असलेलं गार्ड घ्या, सुटं गार्ड पळताना गोल फिरतं. क्रम असा: आधी गार्ड, त्यावर मोजा, मग बूट. बॉलही वयानुसार: मुलीला ३ नंबर, मुलाला ४ नंबर.

आपल्या घरांत हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे दागिने. कानातले, कडं, गळ्यातली चेन, मनगटावरचा काळा दोरा, सगळं काढावं लागतं. वर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. कुडीची फिरकी मैदानावर घाईत निघत नाही आणि गवतात पडली तर सापडत नाही, तेव्हा घरीच काढून ठेवा. कान टोचायचे असतील तर सीझन सुरू व्हायच्या बरेच आधी टोचा. नव्या भोकातली रिंग काही आठवडे काढता येत नाही.

थंडीतला थर्मल जर्सीच्या आतच, बाह्यांच्या रंगाचा. नियम तसाच आहे, जरी रेकमध्ये फार ताणत नाहीत. टोपीवाला स्वेटशर्ट खेळताना नको. दोन रंगांच्या जर्सी असतील तर दोन्ही कायम बॅगेतच ठेवा, कारण समोरच्या टीमचा रंग तोच निघाला तर ऐन वेळी बदलावं लागतं. मोज्याचा एक जास्तीचा जोड आधीच मागवा. सीझनच्या मधोमध त्याच रंगाचे मोजे दुकानात नसतात.

धुताना जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको. ड्रायरच्या कडक उष्णतेने चिकटवलेले नंबर भेगाळतात, म्हणून दोरीवर किंवा हँगरवर वाळवा. (सोसायटी बाल्कनीत कपडे वाळवू देत नसेल तर बाथरूममधला पडद्याचा दांडा आहेच.) वसंतात मुलगा बेसबॉलकडे वळला तर पांढऱ्या पँटीवर लाल मातीचे डाग पडतील. ती माती वाळू द्या, ब्रशने झाडा, मग गार पाण्यात एन्झाइमवाल्या डिटर्जंटमध्ये भिजवा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात घालू नका. त्या मातीत लोह असतं आणि ब्लीचने डाग आणखी पक्का होतो.

बॅगेत जागा उरलीच तर क्रिकेटचे पॅड आणि ग्लव्ह्ज आणा. ते मात्र भारतातच स्वस्त पडतात, आणि न्यू जर्सीतल्या एडिसन या भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या गावाच्या बाजूला राहणार असाल तर उपयोगी पडतीलच.