सुई तुमची, गोळी त्यांच्या डॉक्टरांची

प्रश्न : मी अ‍ॅक्युपंक्चरचा डिप्लोमा केला आहे. महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे माझी रीतसर नोंदणी आहे. अकरा वर्षं तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवते. पाटीवर नावाआधी 'डॉ.' आहे, कारण गावात सगळे तसंच म्हणतात. ६२ वर्षांचे एक मधुमेही गृहस्थ पायांतल्या मुंग्यांसाठी माझ्याकडे यायचे. दहा-बारा सिटिंगनंतर त्यांना बरं वाटू लागलं, तेव्हा मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, "आता शुगरची गोळी निम्मी करून बघू." तीन आठवड्यांनी शुगर फार वाढली आणि त्यांना दोन रात्री अ‍ॅडमिट व्हावं लागलं. आता ते घरी आहेत, बरे आहेत. पण मुलाने तक्रार केली. बोगस डॉक्टर शोधणारी समिती क्लिनिकवर येऊन पाटीचे फोटो काढून गेली. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर कलम ३३ खाली गुन्हा नोंदवू, अशी नोटीस आली आहे. मुलाच्या वकिलाची पाच लाखांच्या भरपाईची नोटीस वेगळी. ओळखीचे एक जण म्हणतात, केसपेपरवर 'गोळ्या चालू ठेवा' एवढं लिहून टाका, कोण बघतंय. लिहू का? आणि मी खरंच बोगस आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो, म्हणजे आज रात्री थोडी तरी झोप लागेल. तुम्ही बोगस नाही. आणि त्या केसपेपरला हात लावू नका.

केसपेपरचं आधी बोलू, कारण माझ्या अनुभवात माणसं मूळ चुकीपेक्षा ती झाकायच्या धडपडीतच जास्त बुडतात. ओळखीच्यांनी तुमच्या काळजीपोटीच सांगितलं असेल. पण नंतर घुसडलेली ओळ म्हणजे बनावट पुरावा. तो तयार करणं हा भारतीय न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे; कलम २२९ वाचा. पकडलं जाणंही फार अवघड नाही. त्या केसपेपरचा फोटो रुग्णाच्या मोबाइलमध्ये नाही, याची खात्री तुम्ही देऊ शकता? समितीने पाटीबरोबर त्याचाही फोटो घेतला नाही, याची? आणि खुद्द तुमचा मेसेज त्यांच्याकडे आहेच. केसपेपर म्हणतो गोळ्या चालू ठेवा आणि त्याच तारखेचा मेसेज म्हणतो निम्मी करा, असे दोन कागद न्यायाधीशांसमोर शेजारी शेजारी ठेवले, तर तुमच्या अकरा वर्षांच्या कामावर कोण विश्वास ठेवील? आज तुमच्याकडून झाली आहे ती चूक आहे. ती ओळ लिहिलीत तर लबाडी होईल. मेसेजही डिलीट करू नका. फोन बदलायचा विचार असेल तर तो पुढे ढकला.

आता कलम ३३. हे महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मधलं कलम. ठरावीक नोंदवह्यांत ज्याचं नाव नाही त्याने राज्यात वैद्यकाचा व्यवसाय करू नये, असं ते सांगतं. शिक्षा कडक आहे : पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. समिती आली की पहिला प्रश्न असतो, "मेडिकल कौन्सिलचा नंबर दाखवा." तुमच्याकडे तो नसणारच, कारण तुमची नोंदवही वेगळी आहे. समितीतल्या सगळ्यांना ती नोंदवही माहीत असेलच असं नाही, म्हणून ती तुम्हीच कागदावर दाखवायची.

तीन कागद लागतील. पहिला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा २५ नोव्हेंबर २००३ चा आदेश. त्यात अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराचा एक मार्ग मानलं आहे आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींनी तो वापरायला हरकत नाही, असं म्हटलं आहे. दुसरा, २१ फेब्रुवारी २०१९ चा आदेश. त्यात अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तिसरा, आणि तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा, आपल्याच विधिमंडळाचा महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५. पश्चिम बंगालने असा कायदा १९९६ मध्येच केला होता, आपण तो मागाहून केला. तुमची परिषद आणि तिची नोंदवही याच कायद्यातून आली. राज्याने एका कायद्याने ज्या कामासाठी नोंदणी दिली, तेच काम केलं म्हणून दुसऱ्या कायद्याखाली गुन्हा नोंदवता येणार नाही. तुमचा मुख्य मुद्दा हा, आणि तो भक्कम आहे.

पण तो फक्त सुईपुरता भक्कम आहे. तुम्ही गोळी निम्मी करायला सांगितलीत तिथे ही ढाल संपते, आणि हे मी तुम्हाला गोड शब्दांत सांगणार नाही. मधुमेहाची गोळी सुरू करणं, थांबवणं, कमी करणं हा औषधोपचारच आहे. सुई एकदाही टोचली नसती आणि फक्त तो मेसेज पाठवला असता, तरी कलम ३३ तुमच्या दारात आलं असतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा निकाल अशा प्रत्येक प्रकरणात पुढे येतो. होमिओपॅथीची पदविका असलेल्या मुंबईतल्या एका डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण दगावला. न्यायालयाने म्हटलं, ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. त्या डॉक्टरची नोंदणी खरी होती, फक्त वेगळ्या पद्धतीची. मुलाचा वकील हाच निकाल दाखवणार. तुमच्या प्रकरणात सुदैवाने रुग्ण सुखरूप आहे, हा फरक मोठा आहे.

म्हणून खुलासा दोन भागांत लिहा आणि ते भाग एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिल्या भागात नोंदणी क्रमांक, डिप्लोमा, वरचे तिन्ही कागद. मजकूर साधा ठेवा : "मी अ‍ॅक्युपंक्चर परिषदेची नोंदणीकृत व्यावसायिक असून माझ्या क्लिनिकमध्ये फक्त अ‍ॅक्युपंक्चरचे उपचार होतात. मी औषधे ठेवत नाही, लिहून देत नाही, इंजेक्शन देत नाही." हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. काही जण अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन देतात आणि त्याला पॉइंट थेरपीचाच भाग म्हणतात. तसं काही करत असाल तर आधी मला किंवा तुमच्या स्थानिक वकिलांना सांगा. वकिलापासून लपवलेली गोष्ट हमखास उलटतपासणीतच बाहेर येते.

दुसऱ्या भागात त्या मेसेजबद्दल. तो पाठवलाच नाही असं लिहू नका, आणि भावनेच्या भरात दोन पानी कबुलीही देऊ नका. तक्रारीची आणि पंचनाम्याची प्रत अजून तुमच्या हातात नाही. ती आजच लेखी अर्ज करून मागा आणि खुलाशात म्हणा, "तक्रारीची प्रत मिळताच त्यातील मजकुराबाबत सविस्तर म्हणणे मांडण्याचा हक्क राखून ठेवते." सात दिवस मात्र चुकवू नका. प्रत मिळाली नाही म्हणून खुलासाच दिला नाही, असं होऊ देऊ नका. आवक शिक्का मारलेली स्थळप्रत, म्हणजे पोच म्हणून तुमच्याकडे राहणारी प्रत, घरी आणा. आणि समितीची माणसं पुन्हा आली आणि "इथे फक्त सही करा" म्हणाली, तर वाचल्याशिवाय आणि प्रत घेतल्याशिवाय सही करू नका.

पाटीचं काय करायचं? 'डॉ.' आजच काढा. २००३ च्या त्याच आदेशात 'डॉक्टर' हा शब्द मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांसाठी आहे असं बजावलं आहे, म्हणजे ज्या कागदाचा तुम्ही आधार घेणार, तोच कागद तुमच्या पाटीच्या विरोधात बोलतो. गावातल्यांनी प्रेमाने डॉक्टर म्हणणं वेगळं आणि आपण ते रंगवून भिंतीवर लावणं वेगळं. अ‍ॅक्युपंक्चरच्या काही क्लिनिकमध्ये चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची तसबीर मी आदराने लावलेली पाहिली आहे. तो आदर योग्यच आहे, पण कोटणीस वैद्यकीय पदवी घेतलेले सर्जन होते आणि त्यांचं 'डॉ.' त्या पदवीचं होतं. पाटी बदलली हे खुलाशात स्वतःहून लिहा. समितीकडे जुन्या पाटीचा फोटो आहे, त्यामुळे गुपचूप बदललीत तर तेही लपवणं दिसेल. पाटीवर मधुमेह, लकवा, संधिवात, लठ्ठपणा बरे करण्याचे दावे असतील तर तेही पुसा. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमात अशा आजारांची यादीच आहे आणि जाहिरातीच्या व्याख्येत साधी सूचनापाटीसुद्धा बसते.

पाच लाखांच्या नोटिशीला स्वतः उत्तर देऊ नका, वकिलामार्फत द्या. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून ठरलेलं आहे, तेव्हा मुलगा जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो आणि त्यासाठी त्याच्याकडे दोन वर्षं आहेत. मला विचाराल तर इथे ताणू नये. दोन रात्रींचं बिल, औषधं, येण्याजाण्याचा खर्च आणि त्रासाबद्दल थोडी वाजवी रक्कम, असा प्रस्ताव वकिलामार्फत द्यावा. पाच लाखांचा आकडा बोलणी सुरू करण्याचा असतो. तडजोड झाली तर ती लेखी आणि सह्यांनिशी असावी. मात्र तडजोडीने समितीची नोटीस आपोआप मिटत नाही, ती वाट वेगळी आहे. व्यावसायिक विमा असेल तर कंपनीला आजच कळवा.

पोलिसांचं भय तुमच्या पत्राच्या ओळीओळीत जाणवलं. कलम ३३ खाली शिक्षा पाच वर्षांपर्यंत असल्याने गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला जातो, हे खरं. पण सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार प्रकरणात सांगितलं आहे. सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. आली तर टाळू नका, वकिलांना घेऊन जा. गुन्हा नोंदवण्याच्या हालचाली दिसल्या तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. त्याचे कागद आत्ताच तयार ठेवा.

समिती पुन्हा येईल ती वापरलेल्या सुया बघायला. एका अशिलाच्या क्लिनिकमध्ये मी टेबलाखाली कॉफीची बरणी पाहिली होती, वापरलेल्या सुयांनी गळ्यापर्यंत भरलेली. बरणी महिन्याने घंटागाडीत जायची. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम छोट्या क्लिनिकलाही लागू आहेत : सुया पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना. हे नसेल तर खुलाशाआधीच पूर्ण करा.

आणि एक काम, या सगळ्यांच्या आधी. रजिस्टर घेऊन बसा आणि आठवा, गोळी कमी करायला तुम्ही आणखी कोणाला सांगितलं आहे का. शुगरची, रक्तदाबाची, थायरॉइडची, कोणतीही. त्या प्रत्येकाला आज संध्याकाळपर्यंत स्वतः फोन करा आणि सांगा, "गोळ्यांबद्दल मी बोलायला नको होतं, आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि ते सांगतील तेवढीच गोळी घ्या." त्या यादीत आणखी कोणी अजून निम्म्या गोळीवर असेल, तर तो फोन माझ्या कोणत्याही मसुद्यापेक्षा तातडीचा आहे.