वहीच्या पानावर डोंगर चढताना

चि. स अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, ‘काका, गणितात आकृती काढायला वेळ जातो, मी डोक्यातच करते.’ मग हे डोक्यात कर बघू. एक जण सकाळी ६ ला पायथ्याहून रायगड चढायला लागला. रमतगमत, ताक पीत, १२ ला वर पोहोचला. रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी ६ ला निघून त्याच वाटेने १२ ला खाली. दोन्ही दिवशी घड्याळात नेमकी तीच वेळ असताना तो त्याच जागी होता, असं एखादं ठिकाण वाटेत असेलच का?

वेगाची गणितं करत बसू नकोस. आडवी वेळ घे, उभं पायथ्यापासूनचं वाटेवरचं अंतर. दोन्ही दिवस एकाच कागदावर: एक रेघ चढती, एक उतरती. छेद म्हणजे तीच वेळ, तीच जागा. हव्या तितक्या वेड्यावाकड्या काढ. एकमेकींना न छेदता काढून दाखव, पुढच्या सुट्टीतल्या आंब्याच्या पेट्या माझ्याकडून!

ही आकृती मी नोकरीभर काढली. रेल्वेत एका पट्ट्यातल्या गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरच्या टेबलावरचा चार्ट असाच असायचा: आडवी वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडीची तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ जास्त उभी, थांबलेलीची सपाट. पॅरिस–लिऑं मार्गाचा असा तक्ता १८८५ मध्येच फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांच्या पुस्तकात छापला गेला होता. एकेरी मार्गावर (कोकण रेल्वे अजून बरीचशी तशीच आहे) समोरासमोरच्या दोन रेघांचा छेद स्टेशनाच्या रेघेवरच पडायला हवा.

नवा असताना मीही शहाणा होतो. एका रात्री मालगाडी वीस मिनिटं मागे पडली आणि मी तोंडी हिशेबाने क्रॉसिंग, म्हणजे दोन गाड्यांनी एकमेकींना कुठे ओलांडायचं ते, ठरवलं. अपघाताची भीती नसते, ते काम सिग्नलचं. पण पॅसेंजर पाऊण तास उगाच तिष्ठली. वरिष्ठ काही बोलले नाहीत. फूटपट्टी ठेवून मालगाडीची रेघ पुढे ओढली. छेद दोन स्टेशनांच्या मधोमध! अलीकडच्या स्टेशनात मालगाडी बाजूला घेतली असती तर काम झालं असतं, हे मला त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाआधी दिसलं. कागदावर दोन्ही गाड्या एका नजरेत होत्या. डोक्यात एकीचा हिशेब धरला की दुसरी निसटत होती.

आकृती फसवतेही. ‘कोणताही त्रिकोण’ म्हटलं की हात समद्विभुजच काढतो, आणि मग नसलेली समानता खरी वाटायला लागते. मुद्दाम तिरपागडा काढ.

अडलेल्या गणिताचा फोटो पाठवशील तो खाडाखोडीसकट पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका