नगरसेवकपदाचा उमेदवार रोजगाराचे आश्वासन देतो, तेव्हा काय तपासावे?

‘निवडून आल्यास प्रभागातील प्रत्येक घरात नोकरी’ हे आश्वासन नगरसेवकाच्या हाती नसते, कारण उद्योगधोरण व औद्योगिक सवलती राज्य आणि केंद्र सरकार ठरवते. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील (नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांची यादी) १८ विषयांत आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन आहे खरे, परंतु त्यातील किती अधिकार नगरपालिकांना द्यायचे हे राज्य विधिमंडळ ठरवते.

माझ्या मते उमेदवाराची खरी कसोटी पथविक्रेत्यांच्या, म्हणजे रस्त्यावर माल विकणाऱ्यांच्या, प्रश्नावर लागते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार किमान दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हायला हवे आणि शहरातील पथविक्रीचे प्रश्न पाहणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असायला हवेत. म्हणून सर्वेक्षण कधी झाले, विक्रीक्षेत्रे कोठे असावीत आणि विक्रीचे प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी विक्रेत्यांना हटवण्याबाबत उमेदवाराची भूमिका काय, हे थेट विचारावे. (समितीचे नावही माहीत नसेल, तर उत्तर मिळालेच.)

मंडईतील गाळ्यांचे वाटप, व्यवसाय परवान्यांतील दिरंगाई आणि कंत्राटी सफाई कामगारांचे किमान वेतन यांवरही प्रश्न करता येतील. मात्र प्रत्येक वेळी त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोठून करणार, हे विचारायला विसरू नये.