सीआरमध्ये (लष्करातल्या गोपनीय अहवालात) नऊपैकी सात आले, म्हणून तडकाफडकी तक्रारीचा अर्ज नको

कॅप्टनसाहेब, कुलाब्यात परवा तू तावातावाने बोलत होतास, तेव्हा ऐकून घेतलं. आता नीट सांगतो. राग रास्त असेल, पण अर्जात तो दिसता कामा नये. ‘साहेबांचा माझ्यावर डूख आहे’ हे वाक्य आधी खोड. ते सिद्ध करता येत नाही आणि बाकीचे मुद्देही हलके होतात.

खरी ताकद विसंगतीत असते. आधीच्या अहवालांत आठ-नऊ, कोर्सचा निकाल चांगला, कामगिरीचं लेखी कौतुक, आणि मध्ये एकदाही लेखी समज नाही; मग एकदम घसरण का? तारखांसह मांड. ज्या वरिष्ठांनी अहवाल सुरू केला, म्हणजे आधी लिहिला, त्यांच्या हाताखाली तू नियमाइतका काळ होतास का, तेही तपास. लोक नेमकं हेच विसरतात.

वाट ठरलेली आहे: आधी नॉन-स्टॅट्युटरी तक्रार (कायद्याच्या कलमाखाली नसलेली, लष्करांतर्गत), मग आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २७ खाली स्टॅट्युटरी, म्हणजे कायद्याने दिलेली तक्रार. त्यानंतरच सशस्त्र दल न्यायाधिकरण; त्याचं खंडपीठ इथे मुंबईतच आहे. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यानुसार तक्रारीवरच्या अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं लागतं. निर्णयच आला नाही, तर तक्रारीला सहा महिने झाल्यावरही दार उघडतं.

गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवावी, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या देव दत्त खटल्याचा (२००८) कुणी दाखला दिला तर मान डोलावू नकोस. त्या निकालातून लष्करी अधिकाऱ्यांना स्पष्टपणे वगळलंय.

आणि अहवालाचे फोटो बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस, बाबा. मसुदा आधी मला दाखव.