इलेक्ट्रिक बसमध्ये ड्रायव्हर बदलला की वीज कमी-जास्त लागते का? की सगळं गाडीवरच असतं?

लागते की. डेपोच्या भिंतीवर शेवटून पहिला आलेला माणूस सांगतोय, ऐका.

एसटीत 22 वर्षं काढली. तिथे केपीटीएल, म्हणजे 10 लिटरमागे किती किलोमीटर, हा आमचा दर महिन्याचा निकाल. माझा कधी खाली गेला नाही. नंतर पुण्यात एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिक बसवर लागलो. तिसऱ्याच महिन्यात सुपरवायझरने भिंतीवर यादी चिकटवली, किलोमीटरमागे कुणाला किती युनिट. सगळ्यात वरच्याचा आकडा 1.1, सगळ्यात खाली मी, 1.5. वर सुपरवायझर चारचौघांत म्हणतो, "काका, डिझेलवाल्यांचा पाय जडच असतो." माझ्या मुलाहून लहान पोरगा! त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

आता खरं सांगतो. चूक निघाली, आणि ती काढली आमच्या कंडक्टर बाईंनी. दिवे घाट उतरताना पुढे उभ्या होत्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही न्यूट्रल केलं की तो हिरवा काटा शून्यावर का येतो हो?"

उताराला न्यूट्रल मारायची डिझेलवरची सवय. (चुकीचीच होती, ब्रेकने दगा दिला तर खेळ खलास. पण मारायचे बरेच जण.) इलेक्ट्रिकमध्ये एक्सलेटर सोडला की मोटरच जनरेटर होते आणि वीज परत बॅटरीत जाते. न्यूट्रल केलं की ते बंद, म्हणून काटा शून्यावर. म्हणजे परत मिळणारी वीज मीच नाकारत होतो आणि वर हवेचा ब्रेक दाबून लायनर तापवत होतो.

भरलेली बस 16 टन धरा. ताशी 40 वरून ती थांबवायची तर तिच्या अंगात साधारण पाव युनिट असतं. 60 वर असेल तर तेच सव्वादोन पट. लांबून सिग्नल बघून पाय उचलला, ब्रेकचं पेडल अलगद दाबलं, तर त्यातलं बरंचसं परत येतं. स्टॉपच्या तोंडाशी जाऊन कचकन दाबला की गेलं. म्हणून लोक पिकअपच्या नावाने खडे फोडतात ते मला पटत नाही. वीज खातो तो उशिराचा ब्रेक. पुढे 200 मीटरवर लाल दिसतोय आणि हा पठ्ठ्या रेस देतोय, असे ड्रायव्हर गाडीला नाही, पॉवर स्टेशनला जोडायला हवेत.

न्यूट्रल सोडलं, महिन्यात 1.3 वर आलो. तरी यादीत खालीच! कारण माझी ड्यूटी सासवडची, म्हणजे दिवे घाट चढायचा. 16 टन 100 मीटर वर चढवायचे तर नुसत्या चढाला सव्वाचारच्या वर युनिट जातात, पाय सोन्याचा असला तरी. उतारावर सगळं काही परत येत नाही. आणि यादीत पहिला आलेला हडपसर–स्वारगेट सपाटीवर. मी म्हणालो, आठ दिवस ड्यूट्या बदलून बघा. "शेड्यूल बदलता येत नाही काका." दिवाळीत तो पहिला नंबरवाला गावाला गेला, चार दिवस त्याची गाडी माझ्याकडे आली. माझा आकडा 1.15. तो मात्र भिंतीवर कुणी लावला नाही.

तेव्हा कुणाला यादी लावायचीच असेल तर मार्गावार लावा. शेजारी टायरची हवा कधी तपासली तेही लिहा. आणि एसी धरा वेगळा. गाडी फुरसुंगीच्या कोंडीत तासभर उभी असली तरी तो युनिट खातच असतो, त्यात ड्रायव्हरचा पाय कुठे आला? किलोमीटरचे पैसे कंत्राटदाराला, वाचलेल्या विजेचा एक चहासुद्धा ड्रायव्हरला नाही, आणि पाय जड आमचा.

हां, एक राहिलं. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उतारावर वीज परत घ्यायला जागाच नसते, तेव्हा काटा हलला नाही म्हणून घाबरू नका. आणि पुढे माणूस आडवा आला तर ब्रेक दणकून दाबायचा, युनिट गेले चुलीत. हे सगळं 12 मीटरच्या एसी गाडीचं बोलतोय, 9 मीटरवाली मी चालवलेली नाही.