जुन्या डीएसएलआरमध्ये स्क्रीनवर बघून फोकस करताना इतका वेळ का लागतो? कॅमेरा खराब झालाय का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा कॅनन ६००डी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की झटकन फोकस करतो, पण लाइव्ह व्ह्यू (म्हणजे मागच्या स्क्रीनवर चित्र बघून फोटो काढणं) चालू केला की लेन्स पुढे-मागे करत बसते, तीन-चार सेकंद जातात, आणि दुकानदार म्हणतोय लेन्सची मोटर गेली. आधी मोटरचं सांगतो. ती बदलू नका. मोटर गेली असती तर व्ह्यूफाइंडरमधूनही फोकस अडकला असता ना, लेन्स तीच आणि मोटरही तीच. माझ्याकडे ५५०डी होता तेव्हा मीही एका दुकानात असंच ऐकून लेन्स सर्व्हिसिंगला टाकली होती, पैसे गेले आणि फरक काहीच पडला नाही, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

आता असं का होतं ते बघा. कॅमेऱ्यात तिरका आरसा असतो, त्याचा काही भाग अर्धपारदर्शक असतो आणि त्याच्या मागे एक छोटा आरसा असतो जो थोडा प्रकाश खाली वळवतो, तिथे तळाला फोकसचा वेगळा सेन्सर बसवलेला असतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या तो दोन प्रतिमा करतो आणि त्या एकमेकींपासून किती सरकल्यात त्यावरून त्याला लगेच कळतं की लेन्स कुठल्या दिशेला न्यायची आणि किती, त्यामुळे लेन्स एका हालचालीत जागेवर जाते. लाइव्ह व्ह्यूमध्ये मात्र आरसा वर जातो, छोटा आरसाही त्याच्याबरोबर मिटतो आणि तळातल्या त्या सेन्सरला प्रकाशच मिळत नाही. मग कॅमेऱ्याकडे उरतं फक्त मुख्य सेन्सरवरचं, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो त्याच्यावरचं चित्र. त्यातल्या कडा किती स्पष्ट आहेत हे तो मोजतो, पण धूसर चित्र बघून दिशा कळत नाही. जुन्या रेडिओचं बटण फिरवताना कसं, स्टेशन स्पष्ट येतं, आपण अजून थोडं फिरवतो, खरखर वाढली की कळतं पुढे गेलो आणि मग मागे येतो, अगदी तसंच. तुमच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करताना तिच्या पुढच्या काचेच्या कडेकडे बघा, ती फिरते, नेमक्या जागेच्या थोडी पुढे जाते आणि मग हळूच परत येते, ही परत येण्याची हालचाल तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. त्या काळच्या बऱ्याच लेन्सच्या मोटरी एका उडीत जायला बनवलेल्या होत्या, असं बारीक बारीक सरकणं त्यांना जमत नाही, म्हणून वेळ अजून वाढतो.

हे फक्त कॅनननेच केलं असंही नाही. निकॉन डी९० हा २००८ साली व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, त्याचंही हेच, आणि २०१६ च्या डी५६०० मध्येही लाइव्ह व्ह्यू याच पद्धतीने चालतो. कॅननने २०१२ मध्ये ६५०डी च्या सेन्सरवरच दिशा ओळखायची थोडी सोय दिली आणि २०१३ च्या ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल आणलं, त्यात प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग असल्यामुळे सेन्सरलाच दिशा कळते. तुमच्या सेन्सरवर ती रचनाच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर अपडेट करूनही ते येणार नाही.

पण एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, तुमच्या ६००डी मध्ये क्विक मोड आहे. लाइव्ह व्ह्यू चालू असताना क्यू बटण दाबा, एएफच्या (ऑटोफोकसच्या) ठिकाणी लाइव्ह मोडऐवजी क्विक मोड निवडा. आता फोकस करताना आरसा क्षणभर खाली येईल, स्क्रीन काळी होईल, टक असा आवाज येईल आणि चित्र फोकस होऊन परत दिसेल. घाबरू नका, तो आवाज बरोबर आहे. व्हिडिओ रेकॉर्ड होत असताना याचा उपयोग नाही, तिथे आधी फोकस लावा, लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) सरकवा आणि मग रेकॉर्डिंग सुरू करा.

लहान मुलं, हळदीचा कार्यक्रम, कुत्रं-मांजर, असं काही हलणारं असेल तर सरळ व्ह्यूफाइंडर वापरा. मावसभावाच्या हळदीला मी हात उंच करून स्क्रीनवर फोटो काढत होतो, चौकोन हिरवा होईपर्यंत मावशीचा हळद लावलेला हात त्याच्या गालावरून निघूनही गेला होता, तो फोटो आजही माझ्याकडे नाही.

आणि लाइव्ह व्ह्यू टाकाऊ आहे असं अजिबात समजू नका. ट्रायपॉड, स्थिर वस्तू, म्हणजे दागिने, पुरणपोळीचं ताट, फुलातला परागकण, इथे तो व्ह्यूफाइंडरपेक्षा अचूक पडतो कारण ज्या सेन्सरवर फोटो उमटणार त्याच्यावरच फोकस तपासला जातो. मी तर तिथे ऑटोफोकस बंदच करतो, भिंगाचं बटण दाबून चित्र १० पट मोठं करतो आणि हाताने रिंग फिरवतो. ऑटोच हवा असेल तर चौकोन साध्या भिंतीवर किंवा एकरंगी साडीवर ठेवू नका, काठावर ठेवा, आणि उजेड कमी असेल तर फोकस होईपर्यंत मोबाइलचा टॉर्च मारा.

दुकानात जायच्या आधी एकदा दिवसा उजेडी भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा आणि दोन मीटरवरून दोन्ही पद्धतींनी फोकस करून बघा. व्ह्यूफाइंडरमधून पटकन आणि स्क्रीनवर सावकाश पण शेवटी चौकोन हिरवा होत असेल तर लेन्स ठणठणीत आहे. व्ह्यूफाइंडरमधूनही लेन्स भटकत असेल तर लेन्स काढून मागचे सोनेरी पॉइंट कोरड्या मऊ कापडाने पुसा, परत लावा, आणि तरी तसंच राहिलं तर कुठली लेन्स आहे ते इथे कळवा.