मोनोपाइलवर पीएच.डी.: क्षमता नंतर, आधी ताठरता आणि साचत जाणारा कल

प्रश्न असा आहे: समुद्रातल्या पवनचक्कीच्या मोनोपाइलवर (तळात रोवलेला एकच जाड पोकळ खांब, म्हणजे तिचा पाया) वाळूत आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराचा अभ्यास करायचाय, मार्गदर्शक पी-वाय वक्रांपासून (पाइल किती सरकला की माती किती विरोध करते, ते दाखवणारे वक्र) सुरुवात करायला सांगतात, आणि प्रयोग साध्या टाकीत करायचे की सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून छोट्या प्रतिकृतीवर गुरुत्व वाढवणारं यंत्र) हे ठरत नाही.

पी-वाय जरूर शिका, पण प्रबंध त्यावर उभा करू नका. एपीआयचे (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे) वाळूतले वक्र टेक्सासच्या मस्टँग बेटावरच्या चाचण्यांतून आले. तिथले पाइल 0.61 मीटर व्यासाचे, 21 मीटर लांब, म्हणजे लांबी व्यासाच्या 34 पट. आजचा मोनोपाइल 8-10 मीटर व्यासाचा असतो आणि मातीत व्यासाच्या 3 ते 6 पटच जातो. बारीक पाइल वाकतो, हा जवळजवळ सरळ राहून आख्खा फिरतो आणि त्याचं खालचं टोक मागे सरकतं. म्हणून टोकाशी येणारं शिअर (आडवं कातर बल) आणि मोमेंट (फिरवणारा जोर), शिवाय बाजूंवरच्या उभ्या घर्षणामुळे येणारा मोमेंट, हे तिन्ही धरावे लागतात. मोनोपाइलच्या आरेखनावरच्या पिसा या संशोधन प्रकल्पाने कावडनच्या चिकणमातीत आणि डंकर्कच्या घट्ट वाळूत 2 मीटर व्यासापर्यंतचे पाइल ओढून नेमकं हेच मांडलं. पण त्या प्रकल्पाचा भर एकदिशा, वाढत्या भारावर होता. आवर्ती भारात अजून भरपूर काम बाकी आहे.

ताठरता इतकी महत्त्वाची का, ते एका हिशेबात दिसतं. एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेचं 5 मेगावॉटचं संदर्भ टर्बाइन मिनिटाला 6.9 ते 12.1 फेरे घेतं. रोटरची वारंवारता 0.115-0.202 हर्ट्झ, तीन पात्यांची 0.345-0.605. अनुनाद टाळायला दोन्हीकडे 10 टक्के अंतर सोडलं की रचनेच्या स्वाभाविक वारंवारतेला साधारण 0.22 ते 0.31 एवढीच जागा उरते. मातीची ताठरता चुकली की वारंवारता या पट्ट्याबाहेर जाते, मग क्षमता कितीही असो. त्यामुळे अतिशय लहान विकृतीवरचं शिअर मोड्युलस (मातीची कातर ताठरता) सिस्मिक सीपीटीने (जागेवर शंकू खुपसून लहरींचा वेग मोजणारी चाचणी) किंवा बेंडर एलिमेंटने (प्रयोगशाळेत नमुन्यातून लहर पाठवणारा संवेदक) मोजलेलं हवं, एसपीटीच्या (हातोड्याचे ठोके मोजण्याची ढोबळ चाचणी) सहसंबंधातून काढलेलं नको.

दुसरी मर्यादा कायमच्या कलाची. बसवतानाची चूक धरून साधारण 0.5 अंश, त्यातले 0.25 आवर्ती भारासाठी. 90 मीटर उंचीवर 0.25 अंश म्हणजे 39 सेंटीमीटर. लेब्लाँक, हाउल्स्बी आणि बर्न यांच्या 2010 च्या प्रयोगांत वाढलेला कल आवर्तनांच्या 0.31 व्या घाताने वाढला. आता पाहा: 10 हजार आवर्तनांवरून 1 कोटीवर जाताना 0.31 घात कल 8.5 पट करतो, 0.25 घात 5.6 पट. घातातला एवढासा फरक पायाचा आकार बदलतो! म्हणून शेकडो आवर्तनांवर थांबलेली चाचणी पुढे ताणू नका.

टाकी की सेंट्रिफ्यूज? माझं मत: दोन्ही, पण वेगळ्या कामासाठी. टाकीत हजारो आवर्तनं स्वस्तात होतात, पण ताण फार कमी असल्याने वाळू जास्त फुगते आणि शिखर घर्षणकोन (वाळूच्या कमाल ताकदीचं माप) खऱ्यापेक्षा मोठा येतो. त्यासाठी वाळू मुद्दाम सैल ठेवावी लागते. सेंट्रिफ्यूजमध्ये ताण खरा राहतो (मुंबई आयआयटीत 4.5 मीटर त्रिज्येचं आहे), मात्र पाइलचा व्यास वाळूच्या सरासरी कणाच्या 60 पट तरी ठेवा. पाण्याचा दाब अभ्यासायचा असेल तर पाण्याऐवजी गुरुत्व जितक्या पट वाढवलं तितक्या पट चिकट (व्हिस्कस) द्रव वापरा, नाहीतर निचरा फार लवकर होतो.

पाइलवर चिकटवून त्याचं वाकणं मोजणाऱ्या स्ट्रेन गेजबाबत सर्वांत जास्त फसगत होते. मोमेंटचं दोनदा अवकलन करून मातीचा दाब काढायचा, त्यात गेजची बारीकशी चूक प्रचंड मोठी होते, आणि आखूड पाइल वाकतच नसल्याने सिग्नलही कमजोर. गेज मातीच्या पृष्ठभागाजवळ दाट लावा, टोकाशी एक हवाच. वक्र बसवताना आधी ठरवा की टोकाशी शिअर शून्य धरायचं नाही.

आवर्ती चाचणीआधी त्याच घनतेच्या दोन-तीन टाक्यांत एकदिशा चाचणी करून क्षमता ठरवा, कारण पुढचा प्रत्येक भार तिच्या टक्केवारीत मांडायचा आहे. एकच चाचणी घेऊन ती संदर्भ मानली, तर वाळू ओतण्यातली तफावत सगळ्या निकालांत शिरते. विषय निवडायचाच असेल तर वाऱ्याची दिशा बदलत राहिल्यावर साचणारा कल घ्या: एकाच प्रतलातल्या भारापेक्षा तो बरेचदा जास्त येतो, आणि लोडिंग रिग दोन अक्षांची लागते, म्हणून हे काम कमी झालं आहे. रिगचं आरेखन पहिल्याच वर्षी सुरू करा.